निजलेली पेटी

४ जानेवारी

ती. आत्यास, नमस्कार. साष्टांग घालायला जागा नाही, टेबलाभोवती जमिनीवर सगळीकडे तारा पसरल्यात.

परवा फोन केला तेव्हा तू दर वाक्याला "काय?" म्हणालीस आणि शेवटी "हा फोनच भिकार आहे" म्हणून आपटलास. मग म्हटलं, पत्रच लिहावं. जे विचारायचंय तेही ओरडून विचारण्यासारखं नाही.

बचाव केंद्राच्या नव्या रेडिओचं काम माझ्याकडे आलंय. छोटी होडी समुद्रात संकटात सापडली की तिच्यावरची मुठीएवढी डबी हाक मारायला लागते. ती हाक आमच्या टेकडीवर पोचेपर्यंत नुसती कुजबुज उरते. ती कुजबुज ऐकायची, एवढंच आमच्या यंत्राचं काम. यंत्र झालंय दृष्ट लागेल असं. पण त्याला वीज कोण पुरवणार, इथं घोडं अडलंय.

तू बंदराच्या वायरलेस ऑफिसात जन्म घालवलास, तुला सांगायला नको. वीज पुरवणारी पेटी स्वतःच पुटपुटत असेल तर यंत्राला दुसरं काही ऐकू येत नाही. बाजारातल्या बऱ्याच पेट्या आणून पाहिल्या. एक फुसफुसते, एक गुरगुरते, आणि जी खरोखर शांत आहे ती इतकी जड आणि इतकी तापट, की टेकडीवरच्या बंद डब्यात बसवली तर दुपारपर्यंत आतलं सगळं भाजून निघेल.

मग तुझी आठवण आली. मी लहान असताना तुझ्या टेबलाखाली बसून सांडलेले स्क्रू गोळा करायचे, तेव्हा तू पेटीच्या तारेला हेडफोन जोडायचीस, डोळे मिटायचीस आणि सगळ्या घराला गप्प बसवायचीस. पंखासुद्धा बंद. बाबा शिंकले तर त्यांच्यावर डोळे वटारायचीस. मग एकदम म्हणायचीस, "निजली." आणि पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर तोच शब्द लिहायचीस. इथे आमच्याकडे आवाजाला आकडे आहेत, आलेख आहेत, पण तुझ्या त्या एका शब्दाइतका भरवसा मला कशाचाच वाटत नाही.

करशील एक पेटी? लहान, हलकी, न तापणारी. आणि निजलेली.

तुझी खुडबुडी


१५ जानेवारी

चि. खुडबुडीस, आशीर्वाद आहेतच, लागतील तेवढे घे.

कामापुरती आत्या! पण काम असं आणलंस की रागवताही येईना.

लहान, हलकी, थंड डोक्याची आणि शांत. अशी सून शोधत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मुलगा बिनलग्नाचा राहतो. तरी बघू.

हे बघ, जड ट्रान्सफॉर्मरवाली पेटी म्हणजे आमचा ठोंब्या. जाडजूड, गरम डोक्याचा, पण तोंडातून शब्द नाही. माझी सगळी नोकरी ठोंब्यांच्या संगतीत गेली. आणि हे आजकालचे स्विचिंगवाले म्हणजे चटचटे. वीज सेकंदाला लाखभर वेळा कापून तुकड्यातुकड्यांनी वाढतात. म्हणून आकारानं लहान, म्हणून थंड, आणि म्हणूनच तोंडाळ. तुझ्या डब्यात ठोंब्या मावत नाही म्हणजे चटचट्याच घ्यावा लागणार. त्याच्यामागे मी एक शांत माणूस बसवीन, साधा रेग्युलेटर. पुढच्यानं आदळआपट करायची आणि मागच्यानं ती सगळी पोटात घालून हसतमुखानं वाढायचं. माझ्या आईबाबांचा संसार असाच झाला. वरून पत्र्याचं झाकण घालीन, तारा पिळून घेईन. आणि मग कान. कान लावल्याशिवाय या घरातून पेटी बाहेर पडलेली नाही.

बाकी मी ठणठणीत. पुढच्या खोलीत होडीवाल्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करत बसते. त्यांच्या पेट्यांनाही माझ्या पट्ट्या आहेत. दाढीवाला म्हणतो, "आत्याबाई, तुमची पट्टी बघितली की आमची बायको निर्धास्त झोपते." दाराला नवी बेल बसवली, ती पहिल्या दिवसापासून मेलेली आहे. लोक दारावर धपाधप हाणतात. खिडकीतल्या चिमण्याही कुठे गेल्या कोण जाणे. शेजारीणबाई रोज येऊन सांगतात, तुमचं कपडे धुवायचं यंत्र काम संपलं की किंचाळत राहतं. मी शेजारी बसलेली असते, मला ठाऊक नाही? त्या बाईंना मुंगी खोकली तरी ऐकू येतं.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या, पेटी आली!

किती देखणी केलीस गं. कोपरे घासलेस, तारांना वेणी घातलीस, आणि मधोमध पट्टी: "निजली." अक्षर तसंच, 'ज'ची शेपटी ओढलेली. मी ती दिवसभर टेबलावर समोरच ठेवली होती.

आमच्याकडे नियम आहे, आलेली प्रत्येक पेटी मोजणीच्या यंत्रावर दोनदा मोजायची. एकदा रेडिओ भरपूर वीज खात असताना आणि एकदा तो नुसता कान देऊन उपाशी बसलेला असताना. माझ्या जोडीदारानं विचारलं, "मोजलीस का?" मी म्हटलं, "माझ्या आत्यानं कान लावलाय." तो हसला. हसू दे. त्यानं कुठे तुला डोळे मिटून बसलेलं पाहिलंय?

सरळ डब्यात बसवली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाहणी आहे. बाहेरच्या तज्ज्ञ बाई येणार, मोठे साहेब असणार. पाहणी जमली तर आपलं यंत्र किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांत बसेल. तू ये. गाडीवर घ्यायला मी येते. तुला पहिल्या रांगेत बसवणार आणि सगळ्यांना सांगणार.

खुडबुडी


१६ फेब्रुवारी

चि. खुडबुडे,

येते म्हणजे काय, येतेच!

शिंप्याकडे जाऊन कोट सैल करून घेतला. मधल्या काळात तो आटला असावा. नव्या चपला घेतल्या, त्या चावतात, पण पाहणीपर्यंत त्यांना वळण लागेल. दाढीवाल्याला सांगितलं, शेजारीणबाईंना सांगितलं, औषधाच्या दुकानातल्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन, आजी." आजी म्हणाली, तेवढं सोडून दिलं.

ऑफिस सुटल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं गं. तिथे होते तेव्हा वादळात सगळे हात टेकायचे आणि मग म्हणायचे, बाईंना बोलवा, त्यांना ऐकू येईल. आणि मला यायचं. तुझ्या पत्रानं पुन्हा कुणीतरी बाईंना बोलावलं.

पहिल्या रांगेत नको, दुसरी चालेल. पण नाव मात्र सांग हो.

तुझी आत्या


११ मार्च

ती. आत्यास, नमस्कार.

पाहणी पुढे ढकलली. हवा खराब होती, होडी निघू शकली नाही. नवी तारीख ठरलेली नाही, तेव्हा तू इतक्यात तिकीट काढू नकोस. मी कळवीनच.

कामाची गडबड आहे. तब्येतीला जप.

खुडबुडी


१९ मार्च

चि. खुडबुडीस,

पत्र मिळालं. चार ओळींचं होतं, म्हणून पुन्हापुन्हा वाचलं.

हवा खराब होती म्हणतेस. दाढीवाला त्या सगळ्या आठवड्यात समुद्रावर होता. तुमच्या टेकडीखालूनच जातो तो. पाणी ताटासारखं होतं म्हणाला.

मी इथे बसून विचार केला आणि मला वाटतं, मला कळलंय. मागे तुझ्या बाबाच्या साठीला मी आले होते, तेव्हा तुझ्या मैत्रिणी एकमेकींकडे बघत होत्या. मी फार मोठ्यानं बोलते. बाबानंही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, जरा हळू." मला आतून तसं वाटत नाही, पण सगळे सांगतात म्हणजे असेल. आणि समोरचा काय म्हणाला हे मी सारखं विचारते. तिथे मोठी माणसं असणार, आणि मध्येच तुझी आत्या ओरडून "काय?" म्हणणार. तुला अवघडल्यासारखं होणारच. त्यात तुझं काही चुकलं नाही.

तर असं करू. मी येईन आणि मागे बसेन. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवीन. नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. पेटी चालताना एकदा बघायची आहे, बस.

निजलीय ना ती?

आत्या


२६ मार्च

आत्या,

मला तुझी लाज वाटली नाही, असं लिहायला बसले आणि पेन पुढे सरकेना. म्हणून जे झालं ते सांगते.

पाहणी झाली. ठरल्या दिवशीच झाली. तुझ्या दाढीवाल्याचं खरं आहे, पाणी ताटासारखं होतं.

सुरुवातीला एक डबी जवळच्या होडीवर ठेवली होती. पडद्यावर तिची हाक उभी राहिली, उंच, स्वच्छ. आणि तिच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, दोन छोट्या हाका उभ्या राहिल्या. जुळ्या. त्या कुणी मारल्याच नव्हत्या. तज्ज्ञ बाईंनी चष्मा पुसला. मग दुसरी डबी लांबच्या होडीवरून सुरू केली. तिची कुजबुज नेमकी त्या जुळ्यातल्या एकीच्या खाली आली आणि बुडाली. होडीवरचा माणूस फोनवरून सांगत होता, "डबी चालू आहे, चालू आहे," आणि आम्ही सगळे रिकाम्या पडद्याकडे बघत उभे. खरोखर कुणी बुडत असतं तर आम्ही असेच बघत उभे राहिलो असतो.

बाई उठल्या, डब्याचं झाकण काढलं, वाकल्या आणि म्हणाल्या, "ही पेटी शिट्टी मारतेय."

साहेबांनी विचारलं, "कुठून आणली ही?"

मी म्हटलं, "बाजारातून. स्वस्तातली आहे."

माझा जोडीदार शेजारीच होता. त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्याकडे बघून त्यानं मान खाली घातली. माझ्याऐवजी त्यानं घातली. साहेब जवळ यायच्या आत मी पेटीवर हात ठेवला आणि नखानं तुझी पट्टी सोलून काढली. मुठीत घट्ट धरून ठेवली. 

तू मागे बसेन म्हणतेस, नुसती मान हलवीन म्हणतेस. तुझं पत्र वाचून मी कपाटाच्या आड जाऊन रडले. तुझ्या आवाजाची मला कधी लाज वाटली नव्हती. मी तुझी लाज वाटून घेतली ती तिथे, त्या एका मिनिटात, आणि तुला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

पेटी वाटेत आदळली असेल. पार्सलवाले कसे फेकतात तुला माहीत आहे. आतला एखादा सांधा सैल झाला असणार. तुझ्या कामात खोट नाही.

खुडबुडी


३० मार्च

पेटी परत पाठव.

आत्या


१२ एप्रिल

चि. खुडबुडीस,

पेटी आली त्याच दिवशी उघडली. सांधे सगळे घट्ट. एकही तार हललेली नाही. मी बांधलेली वेणी आहे ती, अशी सुटत नाही.

जोडली, हेडफोन लावले, पंखा बंद केला, डोळे मिटले. निजलेली होती. तशीच, मी पाठवली तेव्हा होती तशी. मग मला असा राग आला म्हणून सांगू! तुझ्यावर, तुझ्या साहेबांवर आणि त्या चष्मेवाल्या बाईंवर. मनातल्या मनात तुम्हाला एक लांबलचक पत्र लिहून टाकलं, त्यात तुम्हा सगळ्यांचे कान उपटले होते. स्वस्तातली म्हणे!

तेवढ्यात शेजारीणबाई आल्या. कशाला आल्या होत्या तेही आठवत नाही. उंबरठ्यावरच थांबल्या, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, काय किंचाळतंय हे? बंद करा ना!"

मी विचारलं, "कुठे?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं.

मी पेटी बंद केली. त्यांनी हात खाली घेतले. पुन्हा चालू केली, त्यांनी पुन्हा कानांवर नेले. पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि बटण मनाला येईल तसं दाबत राहिले. त्या बरोबर सांगत होत्या, आता वाजतंय, आता नाही. एकदाही चुकल्या नाहीत. मला मात्र सगळा वेळ सारखंच. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वर्षभर त्या मला यंत्र किंचाळतं म्हणून सांगत होत्या आणि मी त्यांची टर उडवत होते.

त्या गेल्यावर मी दारात जाऊन बेल दाबली. बोट बेलवर, कान दाराला. आत वाजत होती का? विचारायला कुणी नव्हतं.

चिमण्याही इथेच असतील मग.

खुडबुडे, मला एक खरं सांग. तू मोजलं असशीलच ना नंतर, की शिट्टी किती उंच होती? तुला ठाऊक होतं, माझ्या वयाच्या कानाला ती ऐकू येणार नाही. म्हणून पार्सलवाल्यांवर ढकललंस. बाबाही असाच, वाईट बातमी दुसऱ्याच्या अंगावर घालून सांगायचा.

तू बाजारातली म्हणालीस ते वाचून मला लागलं, फार लागलं. पण आता वाटतं, बरं झालं. त्या खोलीत माझं नाव निघालं असतं आणि मी दुसऱ्या रांगेत बसून सगळ्यांना हसून नमस्कार केला असता. पेटी समोर किंचाळत असताना.

आणि हे अजून कुणाला बोलले नाही. पुढच्या खोलीतून गेल्या दोन-तीन वर्षांत किती पेट्या गेल्या? सगळ्या होडीवाल्यांकडे आता चटचटेच आहेत, ठोंबे संपले. सगळ्यांवर माझी पट्टी. दाढीवाल्याची बायको त्या पट्टीवर झोपते. मला झोप नाही.

आत्या


१८ एप्रिल

आत्या,

हो, मोजलं होतं. त्याच संध्याकाळी. आलेख समोर आल्याआल्या कळलं होतं. आणि ते तुला लिहिण्याऐवजी मी दुसरं खोटं रचलं, तुझ्यासाठी म्हणून. खरं तर माझ्यासाठीच. "आत्या, तुझा कान गेला" हे वाक्य मला लिहायचं नव्हतं.

पण याहून वाईट गोष्ट राहिलीय. पेटी आली त्या दिवशी मी ती चालू केली, तेव्हाच मला शिट्टी ऐकू आली होती. बारीक, कानाच्या अगदी टोकावर. मी ऐकली, पट्टीकडे पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, आत्या निजली म्हणतेय म्हणजे हे दुसरंच काहीतरी असेल, दिव्याचं असेल. उठून दिवा बंद करून पाहिला नाही. यंत्रावर लावली नाही. माझे कान शाबूत असून मी ते बाजूला ठेवले. तुझा दोष तुझ्या कानांचा आहे, तो कुणाच्या हातात नाही. माझा माझ्या हातात होता.

कारण तू विचारलं नाहीस, पण तुला हवं असणार. तुझा मागचा शांत माणूस चांगलाच होता. गडबड पुढच्याची. यंत्र उपाशी बसतं तेव्हा चटचट्याला काम उरत नाही, आणि तो डुलक्या घ्यायला लागतो. झोपतो, दचकून उठतो, वीज देतो, पुन्हा झोपतो, सेकंदाला हजारो वेळा. त्या डुलक्यांचीच ती शिट्टी. ती बारीक असल्यानं मागच्या माणसाच्या बोटांमधून निसटते आणि रेडिओत शिरते. म्हणजे तू लिहिलं होतंस ते अगदीच खोटं नव्हतं. निजत होती ती. पण घोरत होती.

काल मी साहेबांच्या खोलीत गेले. जोडीदारालाही बोलावलं. म्हटलं, पेटी बाजारातली नव्हती. माझ्या आत्यानं केली होती, मी मागून करून घेतली होती, आणि न मोजता बसवली. साहेबांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पेटी कुणी केली याच्याशी मला कर्तव्य नाही. तुम्ही मोजली का नाही?" यापुढे माझं प्रत्येक काम जोडीदार तपासणार. तो मला म्हणाला, "आत्याला सांग, वेणी फार सुरेख होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पट्टी माझ्याकडे आहे. चुरगळलीय, पण आहे. टाकवली नाही.

होडीवाल्यांच्या पेट्यांचं काय करतेस? मी रजा काढून येते. आपण दोघी बघू. तू कुणाला काही सांगू नकोस, एकेक पेटी दुरुस्तीच्या नावाखाली मागवून घेऊ.

खुडबुडी


२ मे

चि. खुडबुडीस, अनेक आशीर्वाद, थोडे तुझ्या त्या जोडीदारालाही.

दुरुस्तीच्या नावाखाली मागवू म्हणालीस, ते वाचून एक दिवस मी तसंच करायचं ठरवलं होतं. कुणाला कळलं नसतं. पण तेवढ्या दिवसांत एखादी होडी बाहेर असली तर? मग शेजारीणबाईंचं दार वाजवलं. त्यांना म्हटलं, "माझ्याबरोबर धक्क्यावर चला. मला तुमचे कान हवेत." वर्षभर टर उडवलेली बाई, पण चपला घालून निघाली. वाटेत एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते.

धक्क्यावर पोचले. सगळे ओळखीचे. "या आत्याबाई, या." मला वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात दाढीवाल्यानं त्याच्या होडीतली पेटी अभिमानानं दाखवली, पट्टी पुसून चकचकीत ठेवलेली. म्हणाला, "बघा, तुमची सही."

मी ती पट्टी सोलून काढली. सगळ्यांच्या देखत, नखानंच. आणि म्हटलं, "मला कमी ऐकू येतं. माझ्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पेटी पुन्हा बघायची आहे." मी इतक्या मोठ्यानं बोलले असणार की सगळा धक्का थांबला. या वेळी त्याचा उपयोग झाला.

मान वर करायची हिंमत नव्हती. वाटलं, आता हसतील, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे कीव करतील. काहींनी केलीही. एका म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, तो अजून बोलत नाही. दाढीवाल्यानं पट्टीच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ मला हाका मारत होता म्हणतो. मला सेटवर एकही आली नव्हती. मी त्यालाच खोटारडा म्हणालो." भाऊ सुखरूप आहे, दुसऱ्या होडीनं ओढून आणलं होतं. हे त्यानं लगेच सांगितलं, माझा चेहरा बघून. पण मी तिथेच दोरखंडावर बसले. अजूनही कधीकधी तिथेच बसलेय असं वाटतं.

मग एकेक होडी केली. मी पेटी उघडायची, शेजारीणबाईंनी कान लावायचा. बऱ्याचशा गप्प निघाल्या. काही घोरत होत्या. तू डुलक्यांचं लिहिलं होतंस, त्यावरून त्यांना उपाय केला: एक छोटा रेझिस्टर जोडून दिला, म्हणजे यंत्र उपाशी असलं तरी चटचट्याच्या हाताला थोडं काम राहतं आणि त्याला डुलकी लागत नाही. वीज थोडी वाया जाते. जाऊ दे.

तुझ्या पेटीलाही तोच लावलाय आणि या पत्राबरोबर पाठवतेय. हवी तर वापर, नको तर कपाटात ठेव, पण आधी मोज. उपाशीपोटी मोज आणि जेवताना मोज, आणि जोडीदाराकडून मोजून घे. पट्टी नवी लावलीय. थोडी लांब झाली, झाकणाच्या कडेवरून खाली गेलीय. "आत्याच्या कानाला निजली. बाकीच्यांनी आपापले कान लावावेत." आता सगळ्या पेट्यांवर हीच लावते. जुनी तुझ्याकडे आहे ती राहू दे, सोलल्याची आठवण दोघींना हवी.

कानाच्या डॉक्टरांकडे शेजारीणबाई घेऊन जाणार आहेत, गुरुवारी. भीती वाटते. यंत्र बसवलं आणि चिमण्या खरंच खिडकीत असल्या तर इतके दिवस मी त्यांना काय काय बोलले ते आठवेल.

तू माझं नाव लपवलंस त्याचा राग गेलेला नाही, जाईल. तू आलीस की तोंडावर भांडीन, म्हणजे लवकर जाईल. पण आता एवढी मोठाली पत्रं लिहायला नको. माझा फोन चांगला आहे, पहिल्यापासून चांगलाच होता. रविवारी कर. मी पहिल्यांदा "काय?" म्हणेन, तेव्हा ठेवून देऊ नकोस. मोठ्यानं बोल.

तुझी आत्या